उशीजवळची खिडकी

अण्णांच्या घराचं छप्पर गळायला लागलं तेव्हा सूनबाईनं सगळ्यांत आधी घर मोजायला काढलं, आणि अण्णांना ते मुळीच पटलं नाही. गळतंय छप्पर, मग भिंतींची मापं कशाला, असा त्यांचा सरळ सवाल होता. पण सूनबाईचा धंदाच तो होता. जुन्या इमारतींची दुरुस्ती करणाऱ्या एका कचेरीत ती नकाशे काढायची, आणि इमारत आधी समजून घ्यायची, हातोडा मग लावायचा, हा तिथला नियम तिच्या हाडीमांशी भिनला होता. परक्यांच्या घराला जी वागणूक देतो ती स्वतःच्या घराला का नको, असं म्हणून तिनं एका रविवारी फीत उलगडली. नवऱ्यानं फितीचं दुसरं टोक धरायचं कबूल केलं, ते फक्त दुपारच्या चहापर्यंत, या अटीवर.

अण्णांचं वय ऐंशीला टेकलेलं. जन्मभर त्यांनी औषधांचं दुकान चालवलं होतं. माणूस मोजकं बोलणारा, पण बोलला तर लागेल असं बोलणारा. घराबद्दल त्यांच्याजवळ सांगण्यासारखं एकच वाक्य होतं: वडिलांनी हौसेनं बांधलं. आईबद्दलही एकच होतं, आणि ते म्हणताना त्यांचा ओठ किंचित वाकडा व्हायचा. "आमच्या मातोश्रींना मूल नको होतं, घर हवं होतं." तान्हेपणीच त्यांना आजोळी पाठवलं होतं. चांगले चालते-बोलते होऊन ते घरी परतले, तेव्हा आई म्हणजे कोण हे मामींना त्यांना बोटानं दाखवून सांगावं लागलं. ही गोष्ट सूनबाईनं लग्न होऊन या घरात आल्यावर पहिल्या वर्षातच ऐकली होती. तेव्हापासून त्यात ना एक शब्द वाढला होता ना एक कमी झाला होता.

तळमजला मोजून झाला, त्यात काही विशेष निघालं नाही. वरच्या मजल्यावर मात्र सूनबाईच्या डोक्यात भुंगा शिरला. दक्षिणेकडच्या बाजूला शेजारी शेजारी दोन खोल्या आणि त्यांच्यापुढे लांबलचक व्हरांडा. त्या दोन्ही खोल्यांत जमीन आणि भिंत जिथे भेटतात तिथे कोपरा नव्हताच. सिमेंटची गोलाई दिलेली होती, बशीच्या कडेसारखी. दारं घरातल्या इतर दारांहून बरीच रुंद. रंग खरवडला तर आत डोक्याच्या उंचीपर्यंत गुळगुळीत तैलरंग, धुऊन काढता येईल असा. आणि व्हरांड्याच्या टोकाला बाहेरून वर येणारा एक लोखंडी जिना, ज्याचा खालच्या घराशी काही संबंधच नव्हता.

ती नवऱ्याला म्हणाली, "ही हौस नाही. हा दवाखाना आहे."

नवरा फितीचं टोक सोडून व्हरांड्यात जाऊन उभा राहिला. त्याचं सगळं लहानपण त्या खोल्यांत पतंग आणि गाद्या यांच्या पसाऱ्यात गेलं होतं. गोल कोपऱ्यांवरून चेंडू छान घरंगळत परत येतो, एवढंच त्याला त्यांच्याबद्दल ठाऊक होतं.

सूनबाईनं मग रीतसर शोध सुरू केला. नगरपालिकेच्या अभिलेख विभागात तिची ओळख होती. तिथे दोन चकरा मारून घराचा मूळ आराखडा मिळाला, पण त्यावर दोन्ही खोल्यांना नुसतंच 'झोपण्याची खोली' म्हटलेलं. त्या काळी हा भाग गावाबाहेर होता, आसपास मोकळं रान होतं, एवढं कळलं. घर म्हणून बांधलं आणि घर म्हणून वापरलं, यापलीकडे कागद काही बोलायला तयार नव्हते. अण्णांना विचारलं तर त्यांनी वर्तमानपत्रातून मान वर न करता सांगितलं, की कोपरे गोल असले काय आणि चौकोनी असले काय, पाणी गळायचं ते गळतंच आहे.

पाणी गळत होतं खरं, आणि शेवटी त्या पाण्यानंच वाट दाखवली. दोन खोल्यांमधल्या भिंतीचा गिलावा ओल धरून फुगला होता. गवंड्यानं हातोडीनं हलकेच टकटक केली तर आवाज पोकळ आला, आणि दुसऱ्याच ठोक्याला गिलाव्याची एक मोठी खपली खाली आली. आत लाकडाची चौकट निघाली. तिला आडवी सरकणारी छोटीशी झडप, पुस्तकाएवढी. मागच्या बाजूनंही तशीच.

सूनबाई गुडघ्यांवर बसून बघत राहिली. दोन खोल्यांमध्ये खिडकी असते, नाही असं नाही. पण ही जमिनीपासून जेमतेम मांडीच्या उंचीवर होती. उभ्या माणसाला तिचा काही उपयोग नाही, बसलेल्यालाही अवघड. मग तिनं तिथे पलंग कसा लागेल याचा अंदाज घेतला. ही खिडकी उशीशेजारी होती. दोन्ही बाजूंना कोणीतरी आडवं पडून असायचं, त्यांच्यासाठी ती केली होती.

झडपेच्या खालच्या कडेला तापल्या लोखंडानं उमटवलेली एक खूण होती, सुताराच्या पटाशीच्या आकाराची. तशीच पटाशी बाजारपेठेतल्या एका जुन्या फर्निचरच्या दुकानाच्या पाटीवर ती रोज ऑफिसला जाताना बघत होती.

दुकानाचा मालक पन्नाशीतला, गप्पिष्ट माणूस. फोनमधला खुणेचा फोटो बघून तो खूश झाला. ही त्याच्या आजोबांची खूण. आजोबा हाडाचे सुतार, दुकान त्यांनीच काढलेलं. पण त्या घराचं काम त्यांनी केलं होतं का, हे त्याला सांगता येईना. सूनबाईनं घराचा पत्ता सांगितला, जुन्या लाकडाचा एक तुकडा सापडलाय म्हणाली, आणि उठायच्या बेतात होती, तेवढ्यात आतल्या बाजूला आरामखुर्चीत बसलेल्या म्हातारीनं विचारलं, "उघडते का अजून?"

ती मालकाची आत्या. नव्वदीच्या घरात असेल, पण पाठ ताठ आणि नजर तीक्ष्ण. घरात आणि दुकानात सगळे तिला आत्याबाईच म्हणायचे. सूनबाईनं झडपेचा, खिडकीचा, उघडण्या-मिटण्याचा एक शब्दही काढलेला नव्हता. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग आत्याबाईंनी भाच्याला चहा सांगायला पिटाळलं, आणि तो गेल्यावर सूनबाईला खुर्ची जवळ ओढायला लावली.

त्यांनी सांगितलं ते असं. अण्णांच्या वडिलांना पहिली मुलगी होती. तेरा-चौदा वर्षांची असताना तिला क्षय झाला. तेव्हा त्याच्यावर औषध नव्हतं. उघडी हवा, ऊन, विश्रांती आणि नशीब, एवढाच इलाज. वडील दूरच्या आरोग्यधामात जाऊन सगळं बघून आले, आणि घरी येऊन म्हणाले, पोरीला तिथे एकटं ठेवायचं नाही. तिथे जे जे पाहिलं ते सगळं त्यांनी गावाबाहेर घर बांधून त्यात उतरवलं. धूळ बसू नये म्हणून गोल कोपरे, पलंग उन्हात ढकलता यावा म्हणून रुंद दारं. लाकूडकामाला जो सुतार होता, त्याच्या मुलीलाही तोच आजार निघाला. तिला कुठे न्यायची ऐपत सुताराजवळ नव्हती. अण्णांच्या वडिलांनी दुसरी खोली तिला दिली.

"ती मी," आत्याबाई म्हणाल्या. "आमच्या घरात हे कोणालाही माहीत नाही. नवऱ्यालाही नव्हतं. चार वर्षं मावशीकडे शिकायला होते, असं सांगत आलो. क्षयाचं नाव निघालं असतं तर मला सून करून घेतलं असतं का कोणी? आणि आमच्या दुकानावरसुद्धा कोणी फिरकलं नसतं."

अण्णांच्या वडिलांच्या त्या मुलीचं खरं नाव काहीही असो, तिला सगळे टकळी म्हणायचे, कारण तिच्या तोंडाची टकळी कधी थांबायचीच नाही. आणि डॉक्टरांनी नेमकं बोलणंच बंद केलं होतं. फुप्फुसाला आराम हवा. बोलायचंच झालं तर कुजबुजायचं. भिंतीपलीकडे मैत्रीण आणि कुजबुज तर भिंतीतून जात नाही. म्हणून सुतारानं ती खिडकी केली.

सूनबाई घरी आली ती विचारांचं ओझं घेऊनच. तिनं आधी नवऱ्याला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि तो म्हणाला, की अण्णांना यातलं काही कळू देऊ नये. या वयात नसत्या जखमा कशाला उकरायच्या. सूनबाईला ते अर्धं पटलं, अर्धं नाही. शोध घेताना तिला घर दिसत होतं, त्या घरात अजून राहणारा माणूस दिसला नव्हता, हे तिला आता जाणवत होतं. तिनं खिडकीवर प्लायवूडचा तुकडा ठोकला आणि विषय तात्पुरता मिटवला.

पण गवंड्याच्या पोटात काही राहिलं नाही. पैसे न्यायला आला तेव्हा त्यानं अण्णांना मोठ्या कौतुकानं ऐकवलं, की तुमच्या भिंतीत खिडकी निघाली हो. अण्णा गुडघ्यांमुळे वर्ष-वर्ष वरच्या मजल्यावर जात नसत. त्या दिवशी कठड्याला धरून एकेक पायरी चढत गेले. सूनबाई ऑफिसातून आली तेव्हा ते वरच्या खोलीत स्टुलावर बसले होते, प्लायवूड काढून भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं.

"सांग," ते म्हणाले.

तिनं सांगितलं, काही हातचं न राखता. ऐकताना त्यांचा चेहरा जराही हलला नाही. तिचं बोलून संपल्यावर ते म्हणाले, की आपल्याला बहीण नव्हती. हे त्यांनी दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणताना त्यांचा आवाज आधीसारखा राहिला नव्हता.

मग त्यांना राग आला, आणि तो कित्येक दिवस उतरला नाही. ते वडिलांवर चिडले, मामांवर चिडले, जी माणसं कधीच निघून गेली होती त्यांना एकेक करून धारेवर धरलं. नवरा समजूत घालायला गेला तर त्यालाही दोन शब्द बसले. एकदा जेवता जेवता ताट पुढे सरकवून ते सूनबाईला म्हणाले, "चाळीस वर्षं दुकानात उभा राहून मी याच रोगाच्या गोळ्या लोकांच्या हातात दिल्या. प्रत्येकाला सांगायचो, मध्ये सोडू नका आणि लपवू नका. आणि माझ्याच घरात, माझ्यापासून—" आणि ते ताटावरून उठले.

आत्याबाईंचा निरोप आला तो याच सुमारास. त्यांना ती खोली एकदा बघायची होती. इतकी वर्षं दाबून ठेवलेलं एकदा तोंडातून गेल्यावर त्यांनी भाच्यालाही सगळं सांगून टाकलं होतं, आणि भाचा आता मोठ्या उत्साहानं त्यांना कुठेही घेऊन जायला तयार होता. येऊ दे का, असं सूनबाईनं अण्णांना भीत भीत विचारलं. त्यांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. पण ठरल्या दिवशी सकाळीच दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून फाटकाशी उभे राहिले.

भाच्यानं आणि सूनबाईच्या नवऱ्यानं आत्याबाईंना खुर्चीसकट उचलून वर नेलं. वाटेत त्या दोघांना, सांभाळून, सागवानी माल आहे, असं बजावत होत्या. खोलीत पाय टेकल्यावर मात्र त्यांचा विनोद ओसरला. त्यांनी खुर्ची भिंतीशी लावून घेतली, वाकून झडप सरकवली आणि हात आरपार घातला. त्यांची बोटं पलीकडच्या खोलीत पोहोचली. थोडा वेळ ती तशीच राहिली, हललीही नाहीत.

अण्णा समोर स्टुलावर बसले होते. सूनबाई दारात उभी राहिली. तिला निघून जावंसं वाटत होतं आणि पाय उचलत नव्हता.

आत्याबाई सावकाश बोलू लागल्या. अण्णांचा जन्म झाला तेव्हा टकळीचा आजार वाढलेला होता. तिला भाऊ झाला म्हणून ती इतकी बोलली, की डॉक्टरांनी खिडकी आठ दिवस बंद ठेवायला लावली. डॉक्टरांनीच आईला निवड करायला सांगितली होती: तान्हं मूल या घरात राहू शकत नाही, आणि मुलीच्या खोलीत जो ये-जा करेल त्यानं मुलाला हात लावायचा नाही. वडिलांनी पगारी परिचारिका ठेवू म्हटलं. टकळीनं परिचारिकेच्या हातून घोटभर दूधही घेतलं नाही. मग बाळ आजोळी गेलं.

"मामा तुम्हाला दर आठवड्याला घेऊन यायचे," आत्याबाई म्हणाल्या. "तो रस्ता आहे ना समोर, त्याच्या पलीकडे उभे राहायचे आणि तुम्हाला उंच धरायचे. आमचे पलंग व्हरांड्यात ढकललेले असायचे. टकळी हात हलवायची. तुमची आई खाली उतरून फाटकापर्यंत जायची आणि तिथेच थांबायची. एकदा तुम्ही तिच्याकडे झेपावलात, हात पसरून रडायला लागलात. ती दोन पावलं पुढे गेली. मग वळली आणि पळत फाटकाच्या आत आली. लोखंडी जिन्याखाली बसून रडत होती, आम्हाला वरून ऐकू येत होतं."

अण्णांनी खिशातून रुमाल काढला, पण डोळ्यांना लावला नाही, हातात धरून बसले.

"मी परत आलो तेव्हा तरी," ते म्हणाले. "तेव्हा कोण आडवं येत होतं? तिनं मला कधी मांडीवर घेतलं नाही. माझा पेला वेगळा. माझ्याशी बोलताना तोंड फिरवायची. मला वाटायचं, माझ्या तोंडाचा वास येतो. शाळेत जाण्याआधी चारचारदा चुळा भरायचो मी."

आत्याबाईंनी हात खिडकीतून काढून घेतला. "टकळीच्या शेवटच्या दिवसांत तुमच्या आईलाही खोकला लागला होता," त्या म्हणाल्या. "साधाच होता की काय, देव जाणे. तिनं कोणाला तपासू दिलं नाही. तिला वाटत असणार, आपल्यातही ते आहे. एक गेली होती, हो. दुसऱ्याला ती श्वाससुद्धा लागू देणार नव्हती."

खाली रस्त्यावरून एक गाडी हॉर्न वाजवत गेली. अण्णा उठले, व्हरांड्याच्या कठड्याशी गेले आणि रस्त्यापलीकडे बघत उभे राहिले. तिथे आता चपलांचं एक दुकान होतं आणि दुकानापुढे एक बाई मुलाच्या पायात बूट घालून बघत होती. अण्णांचे खांदे हलायला लागले तसा त्यांचा मुलगा पुढे झाला. सूनबाईनं त्याचा हात धरून त्याला मागे ओढलं.

टकळी कशी गेली तेही आत्याबाईंनी त्या दिवशी सांगितलं. एका दुपारी त्या खिडकीतून हाक मारत राहिल्या आणि पलीकडून उत्तर आलं नाही. मग आईचा हात दिसला आणि झडप त्या बाजूनं हळूच बंद झाली. त्या आजारावरचं औषध त्यानंतर दोनेक वर्षांत मिळायला लागलं. आत्याबाईंच्या वाट्याला ते आलं, टकळीच्या नाही. यात न्याय-अन्याय बघायला जाऊ नये हे त्या फार पूर्वी शिकल्या होत्या, असं त्या म्हणाल्या. पण हे सांगताना त्यांनी अण्णांकडे न बघता भिंतीकडे बघितलं.

त्या दिवसानंतर अण्णा एकदम बदलले, असं काही झालं नाही. आईला त्यांनी माफ केलं की नाही, हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, हे पालुपद मात्र चालूच राहिलं. मोठा झाल्यावर तरी, माझं लग्न झाल्यावर तरी, मरताना तरी, असं ते मध्येच, काही संबंध नसताना म्हणायचे. एकदा सूनबाईला त्यांनी विचारलं, की आपण आईच्या शेवटच्या आजारपणात तिच्याजवळ किती बसलो असू. प्रश्न तिला नव्हताच. त्यांनी पुढे स्वतःच सांगितलं, की दुकान बंद ठेवता येत नाही, असं आपण म्हणायचो. आईच्या बाबतीत त्यांचा ओठ वाकडा व्हायचा तो मात्र थांबला.

छप्पर दुरुस्त झालं. खिडकी बुजवायची का, असं गवंड्यानं विचारल्यावर अण्णांनी त्याच्याकडे असं बघितलं, की त्यानं आपली थापी उचलून दुसरी भिंत गाठली.

आत्याबाई अधूनमधून यायला लागल्या. गुडघे दोघांचेही गेलेले, त्यामुळे वर जायच्या भानगडीत न पडता ते खालच्या बैठकीत बसायचे. पहिल्या एकदोन भेटींत अण्णांनी आजाराचंच विचारलं. ताप किती असायचा, डॉक्टर काय द्यायचे, एखाद्या वैद्यकीय प्रतिनिधीची उलटतपासणी घ्यावी तसं. आत्याबाईंनी ठाऊक होतं तेवढं सांगितलं. मग एका संध्याकाळी, सूनबाई चहा घेऊन आली तेव्हा, अण्णांनी जरा चाचरत विचारलं, "ती बोलायची काय एवढं?"

आत्याबाई हसल्या. काय बोलणार, म्हणाल्या, नुसती बडबड. कावळ्यांची भांडणं लावायची आणि दोन्हीकडून स्वतःच भांडायची. डॉक्टरांच्या चालण्याची नक्कल, तीही झोपल्या झोपल्या, फक्त आवाजात. बरी झाले की घोडा घेणार, म्हणायची, आणि घोड्याला ठेवायचं कुठे यावर दोघींचा दोन दिवस वाद चालला होता. आणि भावाबद्दल तर विचारूच नका. त्याला आपण बोलायला शिकवणार, कारण मामांकडे सगळे घुमे, तिथे राहून पोरगं मुखदुर्बळ होईल, अशी तिला फार काळजी.

"झालंच तसं," अण्णा म्हणाले.

आत्याबाई पुढे काहीतरी सांगू लागल्या, पण अण्णांचं लक्ष नव्हतं. ते ओठांतल्या ओठांत काही तरी जुळवत होते, नवीन भाषेतला शब्द म्हणून बघावा तसं. सूनबाईला वाटलं त्यांना पाणी हवंय, म्हणून ती वाकली.

"ताई," अण्णा म्हणाले. मग सूनबाईकडे बघून, काहीसं ओशाळून, "एवढीशी पोर ती. आणि मी हा असा. पण तिला दुसरं काय म्हणणार?"

आत्याबाईंनी मान हलवली. आणि मग घोड्याचा तो वाद पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतला, कारण अण्णांना तो नीट ऐकायचा होता.